उरले एक्केचाळीस तास

शेवट आधीच सांगून टाकू. गुरुवारी दुपारी २.३० वाजता वर्ध्यातल्या एका अतिदक्षता विभागात मृत्यूची नोंद होईल. वय २४. कारण : प्रसूतीनंतरचा सेप्सिस, मूत्रपिंडं निकामी.

ही बाळंतीण कुणी एक बाई नाही. वैद्यकाच्या पुस्तकांत नोंदलेला या आजाराचा मार्ग सिंदी मेघेतल्या एका घराच्या घड्याळावर मांडला आहे. मधे येणारी माणसं, सालं आणि प्रयोग मात्र खरे आहेत.

मंगळवार, रात्री ९.३०. उरले ४१ तास

बाळंतपणाचा पाचवा दिवस. प्रसूती रुग्णालयात झाली, टाके नाहीत, तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. बाळ २ किलो ८०० ग्रॅम.

जेवण झाल्यावर बाळंतिणीला हुडहुडी भरते. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत राहतात. थर्मामीटर घरात आहे, पण कपाटात. हाताच्या तळव्याने कपाळ पाहिलं जातं. लावला असता तर पारा ३८.६ अंश सेल्सिअसवर थांबला असता.

“दूध उतरलं की ताप येतेच,” आई म्हणते. पॅरासिटामोलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी दिली जाते.

पान्हा भरताना अंग थोडं गरम होतं, हे खरं आहे. पण ३८ अंशांवरचा ताप आणि हुडहुडी बाळंतपणानंतर सहा आठवड्यांत कधीही आली, तर तो जंतुसंसर्गच आहे असं धरून चालायचं, हा नियम आहे.

मंगळवार, रात्री ११.००. उरले ३९ तास ३० मिनिटं

गोळीने घाम फुटतो. थंडी थांबते. घर झोपतं.

गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात जंतू वाढत आहेत. त्यांना गिळायला आलेल्या भक्षक पेशी टीएनएफ नावाचं प्रथिन सोडतात. थोडं असेल तर ते संसर्गाला जागच्या जागी रोखतं. फार झालं आणि रक्तात उतरलं, तर साऱ्या शरीरात दाह पेटवतं.

शरीराकडे याला एक ब्रेक आहे. व्हेगस ही नस मेंदूच्या बुंध्यापासून मान आणि छातीतून पोटापर्यंत जाते. तिचे बहुतेक तंतू आतल्या अवयवांची खबर वर मेंदूकडे नेतात. दाह वाढल्याची खबर गेली की उलट दिशेने संदेश येतो. तो पोटातल्या मज्जागाठीतून प्लीहेच्या नसेत उतरतो. तिथे नॉरअ‍ॅड्रिनलिन सुटतं, प्लीहेतल्या काही टी पेशी असिटिलकोलिन बनवतात आणि ते भक्षक पेशींवरच्या ‘अल्फा सात’ नावाच्या ग्राहीवर बसतं. टीएनएफ कमी होतं.

ही वाट मे १९९८ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या मॅनहॅसेट इथे सापडू लागली. न्यूरोसर्जन केव्हिन ट्रेसी यांनी एका उंदराची व्हेगस नस उघडी केली, तिला एकेका सेकंदाचे काही विजेचे झटके दिले, टाके घातले आणि मग जंतूंचं विष टोचलं. तासाभराने रक्त तपासलं. टीएनएफचं उत्पादन सुमारे ७५ टक्के रोखलं गेलं होतं. २००० साली त्यांच्या गटाचा निबंध ‘नेचर’मध्ये आला.

क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी झटके, मग विष.

बुधवार, पहाटे ३.००. उरले ३५ तास ३० मिनिटं

बाळ रडतं. ती उठून पाजते. अंग गार आहे. आई अंधारात कपाळाला हात लावते आणि निश्चिंत होते.

नाडी मिनिटाला ११६. श्वास मिनिटाला २४. ताप गोळीने उतरतो, श्वास गोळीने उतरत नाही. मिनिटाला २२ किंवा त्याहून अधिक श्वास ही सेप्सिसच्या शंकेची एक खूण आहे. ते मोजायला सेकंदकाटा लागतो, दुसरं काही नाही. कुणी मोजत नाही, कारण श्वास मोजायचे असतात हे घरात कुणाला सांगितलेलं नाही.

बुधवार, सकाळी ८.००. उरले ३० तास ३० मिनिटं

ओटीपोट दुखतं. अंगावरून जातं त्याला वास येऊ लागला आहे. हे ती आईला सांगते, नवऱ्याला सांगत नाही. रात्रीपासून लघवीला एकदाच गेली, हे कुणालाच सांगत नाही. पाणी कमी प्यालं असेल, असं तिला वाटतं.

भाऊ चौकातल्या मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणतो. अशा वेदनाशामक गोळ्यांनी मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा घटतो. धडधाकट माणसाला ते जाणवत नाही.

आशाताई तिसऱ्या दिवशी येऊन गेली आहे. रुग्णालयात प्रसूती झाली असेल तर तिच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरलेल्या. आज सहावा दिवस. तिचा फोन नंबर कार्डावर आहे. सातवा दिवस उद्याच, म्हणून फोन केला जात नाही.

बुधवार, दुपारी २.३०. उरले २४ तास

पुन्हा ताप, ३९.१. पुन्हा पॅरासिटामोल. भाताचे दोन घास.

तिचं वजन ५० किलो. मूत्रपिंडं नीट चालत असतील तर तासाला किमान २५ मिलिलिटर लघवी तयार व्हायला हवी, सहा तासांत १५०. सहा तास त्याहून कमी झाली, तर मूत्रपिंडाला इजा झाली असं वैद्यक मानतं. गेल्या सहा तासांत ती ९० मिलिलिटरच्या आसपास आहे.

सेप्सिसमध्ये रक्त कमी पोचतं म्हणून मूत्रपिंड बंद पडतं, असं पूर्वी मानलं जाई. आता कळतं ते असं की रक्तदाब पडण्याआधीच दाह मूत्रपिंडात पोचलेला असतो. बारीक केशवाहिन्यांत पेशी अडकतात, मूत्र घडवणाऱ्या नळ्यांच्या भिंतींवर ताण येतो आणि त्या आपलं काम आवरतं घेतात.

इथे व्हेगस नसेचा संबंध थेट येतो. २०१६ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात त्सुयोशी इनोउए आणि मार्क ओकुसा यांच्या गटाने उंदरांच्या व्हेगस नसेला विजेने चेतवलं. नंतर त्यांच्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा काही वेळ तोडून पुन्हा सुरू केला. ज्यांची नस चेतवली होती, त्यांची मूत्रपिंडं बरीच वाचली. प्लीहा काढून टाकलेल्या उंदरांना फायदा झाला नाही. ‘अल्फा सात’ ग्राही नसलेल्यांनाही नाही. चेतवलेल्या उंदराच्या प्लीहेतल्या पेशी दुसऱ्या उंदरात सोडल्या, तर त्याचीही मूत्रपिंडं वाचली. हा आघात सेप्सिसचा नव्हता, पण मूत्रपिंडाचं रक्षण प्लीहेतून होतं हे त्यातून दिसलं.

नस चेतवली होती आघाताच्या २४ तास आधी.

प्रयोगशाळेत आघात केव्हा करायचा हे संशोधक ठरवतो, म्हणून त्याला चोवीस तास मागे जाता येतं. या घरात पहिली हुडहुडी मंगळवारी रात्री ९.३० ला भरली. त्याच्या चोवीस तास आधी सोमवारची रात्र होती. तेव्हा ताप नव्हता. डिंकाचा लाडू खाऊन ती बाळाच्या नावावर नवऱ्याशी फोनवर वाद घालत होती.

बुधवार, संध्याकाळी ६.०७. उरले २० तास २३ मिनिटं

इतकाच वेळ जिम हेन्सन यांच्या हातात होता.

‘सेसमी स्ट्रीट’मधल्या मपेट बाहुल्यांचे हे कर्ते. मे १९९० च्या सुरुवातीला घसा दुखू लागला. १४ मेचं काम त्यांनी रद्द केलं. १५ मेच्या पहाटे दोनच्या सुमारास श्वास लागला, खोकल्यातून रक्त पडलं. तरी रुग्णालयात जायला ते दोन तास तयार झाले नाहीत. उगाच कुणाला त्रास नको, असा त्यांचा स्वभाव. पहाटे ४.५८ ला न्यूयॉर्क हॉस्पिटलमध्ये दाखल झाले. स्ट्रेप्टोकॉकस जंतू फुप्फुसांतून साऱ्या शरीरात पसरले होते. जंतुनाशकं भरपूर दिली, पण मूत्रपिंडं आणि हृदय थकत गेलं. १६ मे रोजी पहाटे १.२१ ला ते गेले. वय ५३. काही तास आधी आले असते तर कदाचित फरक पडला असता, असं उपचार करणाऱ्यांकडून नंतर सांगण्यात आलं.

सिंदी मेघेत दिवेलागण झाली आहे. बाळंतीण कुशीवर वळून पडली आहे. “अशक्तपणा आहे,” असं ठरतं.

बुधवार, रात्री ९.००. उरले १७ तास ३० मिनिटं

नवरा हिंगणघाटहून येतो. तिच्याकडे पाहून म्हणतो, “दवाखान्यात नेऊन टाकू.”

यावर दहा मिनिटं बोलणं होतं. बाहेर थंडी आहे. सहा दिवसांचं बाळ नेता येत नाही आणि ठेवलं तर पाजणार कोण? ती स्वतःच नको म्हणते. “उद्या सकाळी जाऊ. आशाताई येणारच हाय.”

सकाळी न्यायचं ठरतं.

२८ नोव्हेंबर १९८६ रोजी मुंबईत अभिनेत्री स्मिता पाटील यांना मुलगा झाला. घरी आल्यावर संसर्ग वाढत गेला. बाळाला सोडून रुग्णालयात जायला त्या तयार नव्हत्या, असं त्यांच्या चरित्रकार मैथिली राव यांनी सांगितलं आहे. शेवटी जसलोकमध्ये हलवलं, तेव्हा एकामागून एक अवयव निकामी होत गेले. १३ डिसेंबरला त्या गेल्या. वय ३१. मुलगा १५ दिवसांचा. त्यांचा ‘मिर्च मसाला’ हा चित्रपट तोवर प्रदर्शित झाला नव्हता.

गुरुवार, पहाटे २.००. उरले १२ तास ३० मिनिटं

ती आईला मोठ्या बहिणीच्या नावाने हाक मारते. बाळ कुठे आहे असं विचारते. बाळ शेजारी आहे. हातपाय गार, ओठ कोरडे. श्वास मिनिटाला ३२. संध्याकाळपासून लघवी नाही.

स्मिता पाटील यांच्या प्रसूतीच्या बरोबर पाच आठवडे आधी, २४ ऑक्टोबर १९८६ रोजी, ‘सायन्स’ या साप्ताहिकात ट्रेसी आणि सहकाऱ्यांचा एक निबंध छापला गेला होता. त्यामागे मे १९८५ मधलं एक मूल होतं. न्यूयॉर्कमध्ये ११ महिन्यांची एक मुलगी उकळत्या पाण्याने भाजून दाखल झाली. शरीराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग भाजलेला. सेप्टिक शॉकमधून ती एकदा सावरली. तिचा पहिला वाढदिवस वॉर्डात झाला आणि लगेचच ती गेली. ट्रेसी तेव्हा तिथे निवासी डॉक्टर होते. जंतू तर आटोक्यात होते, मग मुलगी कशाने गेली, हा प्रश्न घेऊन ते प्रयोगशाळेत शिरले.

निबंधातलं उत्तर असं : जंतूंशिवाय, नुसतं टीएनएफ उंदरांच्या रक्तात सोडलं, तरी रक्तदाब कोसळतो, रक्त आम्लधर्मी होतं आणि काही मिनिटांत किंवा तासांत मृत्यू येतो. शवविच्छेदनात मूत्रपिंडाच्या नळ्या मेलेल्या सापडल्या.

गुरुवार, पहाटे ३.४०. उरले १० तास ५० मिनिटं

नवरा १०८ ला फोन लावतो आणि लावता लावता शेजारच्या ऑटोवाल्याचं दार वाजवतो. ऑटो आधी सुरू होतो.

सिंदी मेघे वर्धा शहराला लागून आहे. शहरात जिल्हा सामान्य रुग्णालय, एका बाजूला सावंगीचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, दुसऱ्या बाजूला सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय. दोन वैद्यकीय महाविद्यालयं इतक्या जवळ असलेली गावं महाराष्ट्रात फार नाहीत.

बाळंतिणींच्या मृत्यूमागचा उशीर तीन ठिकाणी होतो : निर्णय घेताना, पोचताना आणि उपचार सुरू होताना. ही मांडणी १९९४ सालची. या घरातून पोचायला २० मिनिटं लागतात. निर्णयाला ३० तास लागले.

गुरुवार, पहाटे ४.०५. उरले १० तास २५ मिनिटं

रक्तदाब ८२/४६. नाडी १३८. ताप नाही, शरीर ३६ अंशांखाली उतरलं आहे. रक्तात लॅक्टेट ५.१, दोनच्या आत हवं. क्रिएटिनिन २.६. मूत्राशयात नळी घालतात. पिशवीत २० मिलिलिटर येतं, चहासारख्या रंगाचं.

पहाटे ४.४० ला पहिलं जंतुनाशक शिरेतून जातं. पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिलिलिटर सलाईन द्यायचं असतं. ५० किलोला दीड लिटर.

इथे कुणी चुकत नाही. २००६ साली कॅनडातले डॉ. आनंद कुमार यांनी सेप्टिक शॉकच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. रक्तदाब पडल्यापासून तासाभरात योग्य जंतुनाशक मिळालेल्यांपैकी ७९.९ टक्के वाचले. त्यानंतरच्या सहा तासांत दर तासाच्या उशिरामागे वाचण्याचं प्रमाण सरासरी ७.६ टक्क्यांनी उतरलं.

हिचा रक्तदाब केव्हा पडला? मध्यरात्रीच्या सुमारास असेल. घरात ते मोजायचं साधन नव्हतं.

गुरुवार, सकाळी ६.३०. उरले ८ तास

दीड लिटर सलाईन संपलं. रक्तदाब ८४/४८. नॉरअ‍ॅड्रिनलिनचं ठिबक सुरू होतं.

प्लीहेतली नस दाह आवरण्यासाठी सोडते, ते रसायनही हेच. तिथे ते मोजक्या पेशींशेजारी कणभर सुटतं. इथे ते सगळ्या रक्तवाहिन्या आवळायला जातं, कारण आता रक्तदाब टिकवणं हेच काम उरलं आहे.

गेल्या दोन तासांत लघवी ४ मिलिलिटर.

गुरुवार, सकाळी ९.३०. उरले ५ तास

पोटॅशियम ६.४. श्वासासाठी व्हेंटिलेटर. डायलिसिसची तयारी होते, पण रक्तदाब यंत्राला झेपेल इतका वर येत नाही. ठिबकाचा वेग तिसऱ्यांदा वाढवला जातो.

नवऱ्याला दोन कागदांवर सह्या करायला बोलावतात. घरी बाळाला वरचं दूध पाजलं जातं.

टीएनएफ अडवणारी औषधं १९९० च्या दशकात सेप्सिसच्या रुग्णांवर वापरून पाहिली गेली. मृत्यू ठळकपणे घटले नाहीत. रुग्ण दाखल होईपर्यंत टीएनएफची लाट वर जाऊन ओसरलेली असते. तीच औषधं संधिवातावर लागू पडली. संधिवात वर्षानुवर्षं चालतो, तिथे औषधाला वेळेत पोचता येतं.

एक निकाल वेगळा आहे. २००४ साली ट्रेसी यांच्या गटाला दिसलं की ‘अल्फा सात’ ग्राही चेतवणारं निकोटिन आजार सुरू झाल्यावर दिलं तरी सेप्सिस झालेले उंदीर अधिक जगतात. त्या वेळी रोखला गेला तो टीएनएफ नव्हे, उशिरा सुटणारा दुसरा रेणू होता. निकोटिन स्वतः विषारी, म्हणून ते औषध झालं नाही. दार पूर्ण बंद नाही, इतकं त्यातून कळलं.

गुरुवार, दुपारी १२.३०. उरले २ तास

दोन तासांचाही एक प्रयोग आहे. डिसेंबर १९८७, ‘नेचर’. बबून माकडांच्या शिरेत मारक प्रमाणात जंतू सोडले. त्याच्या दोन तास आधी टीएनएफविरोधी प्रतिपिंडं दिलेली माकडं शॉकमध्ये गेली नाहीत, त्यांचे अवयव टिकले, ती जगली. एकच तास आधी दिली, तेव्हा शॉक टळला, पण अवयव निकामी होणं टळलं नाही.

तेही आधीचे तास. तिच्यासाठी ते मंगळवारी संध्याकाळी साडेसातला संपले होते.

लघवी शून्य. डोळ्यांच्या बाहुल्या मंद.

गुरुवार, दुपारी १.५५. उरली ३५ मिनिटं

हृदय थांबतं. छाती दाबणं सुरू होतं. अकरा मिनिटांनी ठोके परततात. २.१२ ला पुन्हा थांबतात.

गुरुवार, दुपारी २.३०

मृत्यूची नोंद.

त्यानंतरचे २४ तास

मातामृत्यू चोवीस तासांच्या आत कळवायचा असतो. पुढच्या काही आठवड्यांत आरोग्य खात्याची माणसं घरी येऊन विचारतात : पहिलं लक्षण केव्हा दिसलं, न्यायचं केव्हा ठरलं, निघालात केव्हा, पोचलात केव्हा. उत्तरं रकान्यांत भरली जातात. श्वास मोजले होते का, असं विचारलं तर उत्तर नाही असं येईल.

आजची वेळ

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मानेत बसवायच्या एका छोट्या यंत्राला मान्यता दिली. ते व्हेगस नसेला ठरावीक वेळी विजेचा स्पर्श करतं. मान्यता संधिवातासाठी आहे. सेप्सिससाठी किंवा मूत्रपिंड वाचवण्यासाठी असं मान्यताप्राप्त यंत्र अजून नाही.

उद्या ते आलं, तर ते सगळ्यांत जास्त कुणाला उपयोगी पडेल, याचा अंदाज प्रयोगांतल्या तासांवरून बांधता येतो. मोठ्या शस्त्रक्रियेला जाणारा रुग्ण, ज्याच्या मूत्रपिंडावर येणारा आघात तारीख-वेळेसह ठरलेला आहे, त्याला २४ तास आधी नस चेतवून घेता येईल. बाळंतिणीच्या तापाला अशी तारीख नसते. तिच्यासाठी यंत्र घरातल्या पहिल्या हुडहुडीच्या शक्य तितकं जवळ पोचायला हवं, आणि हुडहुडी ओळखणारं माणूस त्याच्याही आधी.

हे होऊ शकतं, याचा पुरावा वर्ध्यापासून फार दूर नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळाचा सेप्सिस घरीच ओळखायला आणि इंजेक्शन द्यायला शिकवलं. त्यांनी बाळाच्या छातीकडे पाहून श्वास मोजले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला : तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. आशाताईंच्या ठरलेल्या दिवसांच्या भेटी त्याच कामातून आल्या. त्या भेटींत बाळाचे श्वास मोजले जातात. आईचेही मोजायला आणखी एकच मिनिट लागतं, आणि दोन भेटींच्या मधल्या दिवशी ते घरातल्या कुणालाही मोजता येतात.